जुन्या डिझेल इंजिनात ‘औषध’ ओतायचं की नुसतं ऑइल बदलायचं?

देवबागचा नाखवा:
माझ्या शिडाच्या बोटीत दोन सिलिंडरचं, तीस वर्षांचं डिझेल इंजिन आहे. खाडीतून बाहेर पडायला आणि वारा पडला की घरी यायला, एवढंच त्याचं काम. वर्षाला शंभर तासही भरत नाहीत. थंड असताना निळसर धूर सोडतं, तापलं की आयडलला ऑइल प्रेशर उतरतं. दुकानात गेलो की कुणी एसएई ४० देतो, कुणी २०डब्ल्यू-५० (हे ऑइलच्या घट्टपणाचे आकडे), तर कुणी ऑइलात मिसळायचं काकवीसारखं घट्ट औषध.

माझं मत ठाम आहे. साधं १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाचं डिझेल ऑइल घालायचं आणि तास न मोजता वर्षातून दोनदा बदलायचं. औषध अजिबात नको. शिडाच्या बोटीचं इंजिन चालून झिजत नाही, पडून सडतं. वीस मिनिटं चाललं आणि बंद केलं, की आतलं पाणी आणि न जळलेलं डिझेल उडून जाण्याइतकं ऑइल तापतच नाही. त्या पाण्याने ऑइलात आम्ल धरतं आणि ते बेअरिंग खातं. ऑइल काढायच्या इंजिनखालच्या बोल्टपर्यंत माझा हात पोचत नाही, म्हणून गरम ऑइल डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढतो. मेअखेर, बोट वर घेण्याआधी. नारळी पौर्णिमेला बदलणारे चुकतात, कारण तोवर सगळा पावसाळा ती घाण बेअरिंगवर बसून राहिलेली असते.

हर्णैचा तांडेल:
ऑइल बदलीचं पटलं, ‘औषध नको’ हे नाही पटलं. माझी मासेमारीची बोट आहे. फेब्रुवारीत प्रेशरचा काटा पडला. फुल इंजिन कामाला हातात पैसे नव्हते. घट्ट औषध घातलं, काटा चढला, धूर कमी झाला, मेपर्यंत हंगाम निघाला. १ जूनला बंदी लागल्यावर इंजिन खोललं. वरचा थर झिजून बेअरिंगचं तांबं दिसत होतं आणि क्रँक ग्राइंड करावा लागला, हे लपवत नाही. पण झिजलेल्या इंजिनाला जाड ऑइल लागतं, हे मी वडिलांपासून बघत आलोय.

मिरकरवाड्याचा मेस्त्री:
तांडेल, काटा चढला म्हणजे ऑइल पोचलं असं नव्हे. काटा अडथळा दाखवतो, किती ऑइल वाहतंय ते नाही. थंड इंजिनात घट्ट ऑइलचं प्रेशर इतकं वाढतं की जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल बेअरिंगऐवजी परत खालच्या ऑइल चेंबरमध्ये जातं. फेब्रुवारीत खोललं असतं तर कदाचित नुसत्या बेअरिंगवर भागलं असतं.

नाखव्याचं इंजिन थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होत असेल तर आणखी एक गोष्ट. आत मीठ धरू नये म्हणून असं इंजिन साठ अंशांच्या आत ठेवतात. १०० अंशांना १५डब्ल्यू-४० आणि एसएई ४० घट्टपणाच्या एकाच पट्ट्यात बसतात, पण कमी तापमानाला एसएई ४० जास्त घट्ट असतं. तुमचं ऑइल आधीच हवं त्यापेक्षा जाड चालतंय, त्यावर २०डब्ल्यू-५० कशाला? आधी कॉम्प्रेशन मोजा. पिस्टनच्या रिंगा नुसत्या चिकटल्या असतील तर महिन्यातून एकदा अर्धा तास चांगल्या लोडवर पळवा. ऑइलात पाण्याचा संशय आला तर एक थेंब तापल्या तव्यावर टाका. पाणी असेल तर तडतडतं.

जयगड खाडी:
मेस्त्रींशी सहमत, पण नाखवा, सीआय-४ चा हट्ट कशाला? तसं जास्त अल्कली असलेलं ऑइल डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल मारायला लागायचं. १ एप्रिल २०२० पासून पंपावरच्या डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर (दहा लाखात दहा भाग) आलंय, त्याआधी ५० होतं. जुन्या दर्जाचं स्वस्त सीएफ-४ चालेल. उरलेल्या पैशात तीनदा बदला.

देवबागचा नाखवा:
तीनदा बदलणार असाल तर हरकत नाही. पण गंधक गेलं तरी पाणी गेलं नाही, आणि ऑइल जुनं होताना स्वतःच आंबट होतं. अल्कली त्यालाही पुरते. शिवाय झीज रोखणारं झिंक, मळ धुणारं कॅल्शियम हे सगळं कंपनीने मापून डब्यातच घातलेलं असतं. वरून ओतलेली बाटली ते माप बिघडवते. मी डिझेलच्या टाकीत मात्र जंतुनाशक घालतो. टाकीच्या तळाशी पाणी साचलं की काळी बुळबुळीत साय धरते आणि भर समुद्रात फिल्टर तुंबतो.

हर्णैचा तांडेल:
मेस्त्री, फेब्रुवारीत खोललं असतं तर बोट धक्क्याला पडली असती आणि खलाशी दुसऱ्या बोटीवर गेले असते. ते नुकसान क्रँकपेक्षा मोठं होतं. नाखव्याला वारा पडला तर शीड आहे, मला फक्त इंजिन आहे. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा औषध घालीन.

मिरकरवाड्याचा मेस्त्री:
घाला, पण त्याच दिवशी जुना फिल्टर कापून कागद उन्हात पसरून बघा. घडीत चकाकणारी पत्री दिसली तर औषध घालूनही बोट बाहेर काढू नका. बारा वाव खोल पाण्यात क्रँक जाम झाला तर ओढून आणायला दुसरी बोट लागते.