शेतीच्या खेळात खाण आणि राक्षस कशासाठी?

जांभा, वेंगुर्ले:
एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडवलेला आणि २०१६ साली आलेला 'स्टारड्यू व्हॅली' हा संगणकावरील शेतीचा खेळ आमच्या घरात लहानमोठे सगळेच खेळतात. त्यातील शेती, मासेमारी आणि गावकऱ्यांशी हळूहळू जुळत जाणारा घरोबा मला मनापासून आवडतो. माझा आक्षेप डोंगरातील खाणीवर आहे. वसंताच्या पाचव्या दिवशी तिची वाट मोकळी होते आणि तेव्हापासून १२० मजले खाली उतरत दगड फोडायचे व समोर येईल त्या जीवावर तलवार चालवायची, असे सुरू होते. उतरले नाही, तर शेत अडते. झारी सुधारायची झाली तरी लोहाराला २,००० नाणी आणि तांब्याच्या पाच लगडी द्याव्या लागतात, आणि त्या प्रत्येक लगडीमागे पाच खनिजे व एक कोळसा भट्टीत जातो.

याहून मला खटकते ते असे की, ही खाण वरच्या जमिनीला काहीच करत नाही. मजला सोडून पुन्हा आलात की दगड जागच्या जागी तयार असतात. नदी गढूळ होत नाही, शेतात गाळ येत नाही. रेडीच्या लोहखनिजाच्या खाणी ज्या तालुक्यात आहेत, तेथे राहणाऱ्याला हे चित्र पटणे कठीण आहे.

खाडीकाठ, राजापूर:
आपला मुद्दा समजला, पण मान्य नाही. खेळात पाऊस पडला की झारी उचलावी लागत नाही आणि हिवाळ्यात उघड्या शेतात जवळजवळ काहीच पिकत नाही; हे मोकळे दिवस सार्थकी लावण्याची जागा म्हणजे खाण. तेथे सगळा खेळ हिशेबाचा आहे. घड्याळ मध्यरात्रीकडे सरकते आहे, अंगातली शक्ती संपत आली आहे, पिशवीत चीजचा एकच तुकडा उरला आहे आणि खाली जाण्याची शिडी अजून कोणत्या दगडाखाली आहे ते सापडलेले नाही. उद्वाहक (लिफ्ट) दर पाचव्या मजल्यावर थांबतो, म्हणून आणखी दोन मजले उतरायचे की आताच परतायचे, हे तेवढ्यात ठरवावे लागते. बेशुद्ध पडलात तर पैसे जातात, वस्तूही जातात. एवढी जोखीम पत्करून आणलेल्या लोखंड आणि सोन्यापासून जो तुषार-फवारा बनतो, तो रोज पहाटे आठ चौकोन आपोआप भिजवतो आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी होते. खाणीतले कष्ट असे थेट शेतात उतरतात. आपल्याकडेही नुसत्या भातावर कोणाचे भागले आहे? भात कापल्यावर कोणी कुळीथ-पावटा पेरतो, कोणी होडीवर जातो, कोणी चिरेखाणीवर. घराच्या भिंती चिऱ्याच्या आणि कोयत्याचे पाते लोखंडाचे असताना खाणीला शेतीबाहेरची म्हणणे मला योग्य वाटत नाही.

कुळीथ, दोडामार्ग:
खाडीकाठ, आपण चिरेखाण आणि लोहखनिजाची खाण यांना एका ओळीत बसवू नका. आमच्या तालुक्यातील कळणे गावात जुलै २०२१ मध्ये खाणीत साठलेले पाणी फुटून खाली आले आणि शेती-बागायतीवर चिखल पसरला. तरीही मी जांभा यांच्याशी अर्धाच सहमत आहे, कारण खेळाने खाणकामाचा धडा द्यावा अशी माझी अपेक्षा नाही.

माझी खरी तक्रार मारामारीतील विसंगतीची आहे. गावाच्या गटारात क्रोबस नावाचा सावलीच्या जमातीचा एक जीव राहतो. तो बोलतो, दुकान चालवतो, भेट दिली की खूश होतो, आणि मैत्री पुरेशी वाढली की आपल्या घरी राहायलाही येऊ शकतो. त्याच जमातीचे लोक खाणीच्या तळच्या मजल्यांवर आहेत, आणि साहसवीरांच्या संघाच्या भिंतीवरील यादी त्यातले १५० मारा आणि अंगठी न्या, असे सांगते. चिकट गोळे आणि वटवाघळे यांच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. पण ज्याच्याशी मैत्री करता येते त्याच्या भाऊबंदांची अशी मोजदाद खेळाने का ठेवावी?

खाडीकाठ, राजापूर:
कुळीथ, ती यादी पूर्ण करण्याची सक्ती नाही, एवढेच मी म्हणेन. आणि जांभा, ज्यांना खाली उतरायचेच नाही त्यांना लोहार खनिज विकतो: पहिल्या वर्षी तांबे ७५ नाण्यांना, लोखंड १५० ला. खेळातल्या गावाचे पडके सार्वजनिक सभागृह पुन्हा उभे करण्यासाठी राक्षसांकडून मिळणाऱ्या ज्या वस्तू लागतात, त्यातील चारांपैकी दोनच पुरतात, आणि नेमक्या दोन क्रोबसच्याच दुकानात मिळतात.

जांभा, वेंगुर्ले:
क्रोबसच्या दारापर्यंत पोहोचायला गटाराची किल्ली लागते आणि ती संग्रहालयाला ६० वस्तू दिल्यावरच मिळते. त्यात खनिजे आणि रत्नेच भरपूर असल्याने ही पळवाटही फिरून खाणीतूनच जाते. शिवाय दुसऱ्या वर्षी तांब्याचा तोच भाव १५० होतो. पावसाळी दिवसाचा आपला मुद्दा मात्र मी मान्य करतो. त्या दिवशी खाणीत जाणे शेतीच्या वेळापत्रकात खरोखर चपखल बसते. माझी मागणी एवढीच की, झारी आणि फवाऱ्यापुरते खनिज तलवार न उचलता, थोडा अधिक वेळ देऊन, वरच्या मजल्यांवर मिळावे, आणि क्रोबसशी मैत्री झाल्यावर संघाच्या यादीतून त्याची जमात वगळली जावी.

खाडीकाठ, राजापूर:
दुसऱ्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पहिलीला नाही, तलवारीची धास्ती काढून घेतली तर तो फवारा लोहाराच्या दुकानातून आणल्यासारखाच होईल.