ससक्वेहानाचे ७० मैल एका दिवसात: जोडी नेमकी कुठे ढेपाळते?

काठावरचा
न्यूयॉर्क राज्यात मेअखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीला, ससक्वेहाना नदीतून कूपर्सटाउन ते बेनब्रिज अशी ७० मैलांची (साधारण ११३ किमी) कनू (वल्ह्यांनी चालवायची अरुंद, हलकी नाव) शर्यत होते, जनरल क्लिंटन कनू रेगाटा. दोन शंका आहेत. एका लष्करी जनरलचं नाव कनूच्या शर्यतीला का? आणि दुसरी, जास्त महत्त्वाची: दोघांच्या कनूत २५-३० किमी आरामात मारणारी जोडी इथे कशामुळे मोडते? दम म्हणाल तर तो सरावाने वाढतो. बाकी काय?

जुनाट नकाशा
नावामागे पाणीच आहे. १७७९ च्या उन्हाळ्यात, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, जनरल जेम्स क्लिंटनच्या तुकडीने मोहॉक नदीकाठच्या कॅनजोहारीहून दोनशेच्या वर सपाट तळाच्या नावा जमिनीवरून ऑट्सेगो सरोवरात आणल्या. ससक्वेहाना याच सरोवरातून निघते, पण उगमाशी ती जेमतेम ओढ्याएवढी. भर उन्हाळ्यात तिच्यात भरलेली नाव तरंगेना. म्हणून सरोवराच्या तोंडाशी बांध घालून पाणी चढवलं, ऑगस्टमध्ये बांध फोडला आणि त्या लोंढ्यावर अख्खा ताफा खाली सोडला. २२ ऑगस्टला तो टायोगाला जनरल सलिव्हनच्या सैन्याला जाऊन मिळाला. बेनब्रिज हा त्या वाटेवरचा मधलाच टप्पा. शर्यत १९६३ पासूनची.

उत्सवी वर्णनांत हे सहसा येत नाही, पण ती मोहीम हौदेनोसौनी (इरोक्वॉय) लोकांची गावं आणि उभी मक्याची शेतं जाळण्यासाठी होती. चाळीसहून अधिक गावं बेचिराख झाली.

उथळपाणी
दुसऱ्या शंकेचं माझं उत्तर एका शब्दात: उथळपणा. दम त्यानंतर.

उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. १ मीटर खोलीला तो ताशी ११ किमीच्या आसपास, ७० सेंमीला साडेनऊ, ३० सेंमीला सहाच्या थोडा वर. चांगली जोडी पाण्याच्या मानाने नऊ-दहाने जाते. म्हणजे खोली ६० ते ९० सेंमी झाली की कनू आणि तिची स्वतःची लाट एकाच वेगाने चालू लागतात. मागचं टोक बसतं, पुढचं वर उचलतं, आणि आपण सतत चढ चढत असतो. वल्ही तीच, घाम दुप्पट, वेग कमी. नवखी जोडी इथे घाबरून जोर लावते आणि तासाभरात रिकामी होते.

उपाय दोन. शक्य तिथे खोल धार पकडा, ती बहुधा वळणाच्या बाहेरच्या अंगाला असते (पण पडलेली झाडंही तिथेच अडकतात, फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही). आणि तळ आणखी वर येत असेल, गुडघ्याच्या खाली, तर उलट करा: पुढचा हाक देतो, दोघं आठ-दहा झपाट्याचे, आखूड फटके मारतात, कनू स्वतःच्या लाटेवर चढून बसते आणि एकदम हलकी होते. मधल्या खोलीत हा प्रयोग फुकट जातो.

वजनही बघा. सरकत्या बैठका असतील तर उथळात मागच्याने थोडं पुढे सरकायचं. तेवढ्याने टोक सुटतं.

बारा अंश
उथळाचं पटलं, पण हातांचं राहिलं. मिनिटाला ६० फटके धरले तर दहा तासांत ३६,००० होतात. त्यातला प्रत्येक फटका कमरेच्या मागे गेला तर वल्हं पाणी वर उचलत राहतं, ढकलत नाही. म्हणूनच १२ अंश वाकलेलं वल्हं. मिनेसोटाच्या युजीन जेन्सनने ते रूढ केलं. त्याचं पातं फटक्याच्या शेवटीही जवळजवळ उभं राहतं. मांडीच्या मध्याशी पोचलं की बाहेर काढा.

दर सहा ते आठ फटक्यांनी मागचा ‘हट’ म्हणतो, एक फटका मारून दोघं एकाच वेळी बाजू बदलतात. कनू सरळ राहते, एकच खांदा मरत नाही. हटला दोघांत अर्ध्या फटक्याचा फरक पडला तरी नाव डुलते, आणि दिवसभर डुलली तर कंबर जाते.

मनगटाच्या वर करकर वाजायला लागलं तर वल्हं फार घट्ट धरलंय असं समजा. पहाटेच्या गारठ्यात हे हमखास होतं. पातं हवेत असताना बोटं सैल सोडायची सवय लावा.

पाणकावळा
धरणं विसरलात सगळे. गुडइयर लेकच्या धरणापाशी कनू उचलूनच न्यावी लागते. बराच वेळ बसून पाय बधिर झालेले असतात, म्हणून शेवटच्या दोनशे मीटरमध्ये आळीपाळीने पाय ताणून घ्या. टोक काँक्रीटला टेकण्याआधी पुढचा पाण्यात उतरतो. परत उतरवताना धरणाच्या अगदी पायथ्याशी नको, तिथलं उलटं फिरणारं पाणी कनूला ओढून परत भिंतीकडे नेतं.

पिण्याचं: तासाला ५०० ते ८०० मिली. एकदम भरून घेतलं तर दहा तासांचं माणशी पाच ते आठ किलो ओझं, तेही उथळात! प्रत्येकी दीड-दोन लिटर, नळी तोंडाजवळ बांधलेली, बाकी काठावरच्या साथीदारांकडून बदलून. नुसतं पाणी पिऊ नका, मीठ हवंच. साखर तासाला ६० ग्रॅम, आणि पहिल्या तासापासून. भूक लागल्यावर सुरू केलं तर उशीर झालेला असतो.

काठावरचा
उथळपाणी, आमच्या बैठका पक्क्या आहेत, सरकत नाहीत. मग?

उथळपाणी
मग जड माणूस पुढे बसवून बघा, आणि पाण्याच्या बाटल्या पुढच्याच्या पायाशी. वळणांवर पुढचं टोक थोडं हट्टी होईल, तेवढं पुढच्याने वल्हं आडवं ओढून सांभाळायचं.