सी-पेप्टाइड वाढलेले, इन्सुलिन मात्र जेमतेम: असे कसे?

प्रश्न (तंत्रज्ञ):
वारंवार घाम फुटून भोवळ येणाऱ्या एका बाईंचा उपाशीपोटीचा नमुना आमच्या प्रयोगशाळेत आला. ग्लुकोज 46, म्हणजे बरेच कमी, सी-पेप्टाइड (इन्सुलिन तयार होताना सुटा होणारा तुकडा) वाढलेले आणि इन्सुलिन मात्र नाममात्र. स्वादुपिंडातून दोन्ही सारख्याच संख्येने बाहेर पडत असताना हे कसे घडावे? बाई इन्सुलिन घेत नाहीत. शीर सापडायला वेळ लागला होता आणि सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) किंचित गुलाबी होते, एवढीच आणखी नोंद आहे.

उत्तर 1:
तुमचे उत्तर त्या शेवटच्या वाक्यातच दडलेले दिसते: गुलाबी सीरम म्हणजे तांबड्या पेशी फुटल्याची खूण. तांबड्या पेशींमध्ये इन्सुलिनचे तुकडे करणारे एंझाइम असते. पेशी फुटल्या की ते सीरममध्ये उतरते आणि नमुना टेबलावर पडून असेपर्यंत आपले काम करीत राहते. सी-पेप्टाइडला त्याचा फारसा उपद्रव होत नाही, म्हणूनच ही विसंगती दिसते. ‘किंचित गुलाबी’ म्हणून सोडून देण्याची सवय इतर कित्येक तपासण्यांत खपते, इथे खपत नाही. नवा नमुना घ्या, ट्यूब थंड ठेवा, सीरम लगेच वेगळे करा. क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारी तपासणी) पाहा, कारण मूत्रपिंड मंदावल्यास सी-पेप्टाइड रक्तात साचते.

उत्तर 2:
केसांसाठी बायोटिनच्या (एक ब जीवनसत्त्व) गोळ्या चालू आहेत का, हेही विचारावे. स्ट्रेप्टाव्हिडिन या बायोटिनला घट्ट पकडणाऱ्या प्रथिनावर आधारलेल्या सँडविच पद्धतीत (मोजायचा रेणू दोन प्रतिपिंडांमध्ये पकडतात) जादा बायोटिन जागा अडवते आणि आकडा खोटा कमी येतो. मात्र दोन्ही तपासण्या एकाच पद्धतीच्या असतील तर सी-पेप्टाइडही खाली यायला हवे होते, त्यामुळे इथे माझा संशय त्यावर कमीच आहे.

उत्तर 3:
उलट प्रकारही ध्यानात असू द्या. इन्सुलिनला चिकटणारी प्रतिपिंडे रक्तात असली की काही किटांवर आकडा अफाट वाढतो, काहींवर घटतो. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे तयार होतात, हे बर्सन आणि यॅलो यांनी 1956 साली दाखवले आणि त्याच धाग्यावरून पुढे रेडिओइम्युनोअसे (प्रतिपिंडे आणि किरणोत्सर्गी खूण वापरून रक्तातले सूक्ष्म प्रमाण मोजण्याची पद्धत) जन्माला आली. म्हणजे आज मापनात अडथळा ठरणाऱ्या याच प्रतिपिंडांनी मोजण्याची वाट दाखवली! इन्सुलिन न टोचताही ती आढळतात. जपानमध्ये हिराता यांनी 1970 मध्ये असा विकार नोंदवला. संशय असल्यास पॉलिएथिलीन ग्लायकॉलने प्रतिपिंडे खाली बसवून वरच्या द्रवातले इन्सुलिन मोजतात.

प्रश्नकर्ता:
बायोटिन नाही, क्रिएटिनिन ठीक. काल पुन्हा भोवळ आली तेव्हा घेतलेले सीरम स्वच्छ पिवळे निघाले. ग्लुकोज 48, इन्सुलिन 21. ग्लुकोज इतके कमी असताना इन्सुलिन एवढे नसावे, म्हणजे आधीचा नाममात्र आकडाच खोटा होता. जुना अहवाल मागे घेऊन डॉक्टरांना फोनवर कळवले आहे.