केळ्याचे कपातले थर: ओव्हन न लावता केलेल्या गोडाचे तुमचे अनुभव सांगा

विश्रामबागची आई

सांगलीत एप्रिलमधे गॅससमोर उभं राहवत नाही आणि आमच्याकडे ओव्हन नाहीच, त्यामुळे लेकीच्या वाढदिवसाला केक बाहेरून आणि केळ्याचे कप घरी असं तीन वर्षं चाललंय. खाली बिस्किटाचा चुरा, त्यावर कस्टर्ड, मग केळ्याच्या चकत्या, परत चुरा, परत कस्टर्ड. मुलांना आपला आपला कप मिळतो, भांडण नाही, कापाकापी नाही.

यंदा मात्र सकाळी दहालाच २२ कप भरले आणि सजावटीला वर एकेक चकती ठेवली. संध्याकाळी सहाला फ्रिज उघडला तर सगळ्या चकत्या तपकिरी, कडेला तर काळ्याच. लेकीचा चेहरा बघवेना. पण चमचा आत घातला तर कस्टर्डखाली बुडालेली केळी जशीच्या तशी पांढरी. केळं कापलं की त्यातल्या एन्झाइमला हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि रंग बदलायला लागतो, हवाच लागू दिली नाही तर तो टिकतो, हे पुस्तकात वाचलेलं त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

माझं प्रमाण सांगते. अर्धा लिटर दूध, ४ मध्यम केळी, साधारण १२० ग्रॅम मारी बिस्किटं, यात १५० मिलीचे ६ कप होतात. कस्टर्ड पावडर फ्रूट सॅलडला आपण २ मोठे चमचे घालतो, थरांसाठी ३ घाला, नाहीतर चुरा कस्टर्डात तरंगतो. आता तुमचं सांगा, काय जमलं, काय बिघडलं, सगळं.

गावभागातली काकू

आम्ही शिकरणातली माणसं. शिकरण कधी करून ठेवायचं नसतं, पानं घेतली की केळी कापायला घ्यायची, हे सासूबाईंनी पहिल्याच वर्षी शिकवलं. तुझ्या कपांचंही तेच आहे बघ, बाकी सगळं आदल्या दिवशी कर पण केळ्याला शेवटी हात लाव.

मी हे कप पहिल्यांदा केले ते २०१९ च्या पुरात. ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी घरात शिरलं तसे आम्ही नऊ जण नणंदेकडे विश्रामबागला गेलो. दूध मिळत नव्हतं. मदतीत आलेले बिस्किटांचे पुडे होते, दूध पावडर होती आणि कुणीतरी केळ्यांची अख्खी फणी आणून दिलेली. चार दिवस पोरं बिस्किटं खाऊन खाऊन कंटाळली, धाकटा तर घरी चला म्हणून रात्री रडायचा. मग नणंदेनं दूध पावडर अगदी थोड्या कोमट पाण्यात घट्ट कालवली, साखर आणि वेलची घातली आणि स्टीलच्या पेल्यांत थर लावले. स्टीलमधून थर कुठले दिसायला, पण पोरं चमचा खाली घालायची आणि "मला बिस्किट लागलं", "मला केळं लागलं" असं ओरडून सांगायची. त्या घरात चार दिवसांनी हसण्याचा आवाज आला. आता नातवंडं काचेच्या ग्लासात मागतात, मी एक तरी पेला स्टीलचा करतेच.

आणि केळं कसं निवडायचं ते सांगते. चकत्या करायच्या असतील तर पूर्ण पिवळं पण घट्ट, सालीवर काळे ठिपके आले की ते कुस्करायला. ठिपकेवाल्यात पिठूळपणा जाऊन साखर झालेली असते, त्यामुळे वरची साखर निम्मी केली तरी चालते. अख्खी केळी फ्रिजमधे घालू नका, थंडीनं साल काळी होते आणि कच्ची असतील तर नीट पिकतही नाहीत.

सातारकर, पोवई नाका

आमच्याकडे घरात कायम काय असतं तर कंदी पेढे. पाहुणा आला की पेढे, निकाल लागला की पेढे. दोन दिवसांत जरा कोरडे पडले की मी हातानं भुरभुरीत करतो आणि बिस्किटाच्या थरावर एक पातळ थर देतो. कंदी पेढ्याचा खवा चांगला खरपूस भाजलेला असतो, तो केळ्याबरोबर अगदी कॅरॅमलसारखा लागतो, साखर अजिबात घालायची नाही. इंग्लंडमधे बॅनॉफी पाय म्हणून प्रकार आहे, तो तिकडच्या ससेक्समधल्या एका रेस्टॉरंटमधे १९७० च्या दशकाच्या सुरवातीला निघाला, त्यात कंडेन्स्ड मिल्क शिजवून केलेलं टॉफी आणि केळी असतात. त्याच चवीचं आपल्याकडे आधीपासून पेढ्यात आहे की. करून बघा, मी मनापासून सांगतोय.

कराडची सून

बॅनॉफीवरून आठवलं, कृपा करून कुणी कंडेन्स्ड मिल्कचा बंद डबा पाण्यात उकळू नका. मी व्हिडिओ बघून केलं होतं, मधे बाळ उठलं, मी आत गेले आणि पातेल्यातलं पाणी आटलं. डबा फुटला. छतापर्यंत चिकट, गरम पाक. मी स्वयंपाकघरात नव्हते म्हणून वाचले, आजही तो आवाज आठवला की अंगावर काटा येतो. आता स्टीलच्या डब्यात ओतते, झाकण लावते, कुकरच्या तळाशी भरपूर पाणी घालते, पहिली शिट्टी झाली की मंद गॅसवर अर्धा तास, आणि वाफ आपोआप गेल्यावरच उघडते. रंग छान बदामी येतो.

मिरज, हॉस्टेल

आम्हाला रूमवर गॅस नाही इंडक्शन नाही म्हणून कस्टर्ड बाद, आम्ही श्रीखंडाचा डबा आणतो त्यात दोन चमचे दूध घालून सैल करतो, पारले-जी पिशवीत घालून स्टीलच्या ग्लासानं ठेचतो, केळी कापतो आणि चहाच्या कागदी कपात थर लावतो, परीक्षा संपली की अख्ख्या मजल्याचा हाच कार्यक्रम. कागदी कप तासाभरात मऊ पडतात एवढं लक्षात ठेवा, लगेच खायचं.

कुपवाडची ताई, घरगुती ऑर्डर घेते

मी हे विकते म्हणून जरा सविस्तर लिहिते, नवीन सुरू करणाऱ्या बायकांना उपयोग होईल.

कप मी मारुती रोडवरून घाऊक आणते, झाकणवाले, २०० मिलीचे. त्यात गरम कस्टर्ड ओतायचं नाही, पातळ प्लॅस्टिक लगेच वाकडं होतं आणि वाफेचं पाणी झाकणाला लागून परत आत पडतं. कस्टर्ड पूर्ण गार करायचं, गार होताना साय धरू नये म्हणून प्लॅस्टिकचा कागद थेट कस्टर्डला चिकटवून झाकायचा. गार झाल्यावर एकदा फेटायचं, गाठी मोडतात.

भरायला मी दुधाची रिकामी पिशवी वापरते, धुवून, पूर्ण कोरडी करून. कोपरा बोटाएवढा कापायचा आणि कपाच्या कडेनं गोल फिरवत मधे यायचं. चमच्यानं टाकलं की काचेला ओघळ लागतात, मग कितीही पुसा, थर गढूळ दिसतात. केळ्याच्या चकत्या कपाच्या भिंतीला आतून उभ्या चिकटवायच्या, बाहेरून गोल गोल दिसतात, पण त्यांना लिंबू लावाच. ४ केळ्यांना छोटा चमचाभर रस पुरतो, आंबट लागत नाही.

बिस्किट कुरकुरीत हवं असेल तर १०० ग्रॅम चुऱ्याला ४० ग्रॅम वितळलेलं लोणी चोळायचं, मग ओल लवकर शिरत नाही. तूप वापरलं तर फ्रिजमधे दगड होतो आणि कप चमच्यानं फुटेपर्यंत दाबावं लागतं. शेंगदाण्याच्या चिक्कीचा चुरा मला फार आवडतो पण तो आदल्या रात्री घालू नका, सकाळी गूळ पाझरून कपात पाणी झालेलं असतं.

आणि क्रीम. साध्या पाकिटातल्या फ्रेश क्रीममधे स्निग्धांश २५ टक्क्यांच्या आसपास असतो, ते कितीही फेटा, उभं राहत नाही. मी सुरवातीला हात दुखेपर्यंत फेटलंय, मला वाटायचं मलाच येत नाही. ३० टक्क्यांच्या वरचं लागतं, नाहीतर सरळ चक्का घ्या.

एकदा हळदीकुंकवाची ४० कपांची ऑर्डर होती आणि दुपारी लाईट गेली ती पाच तास. दुधाचा आणि केळ्याचा पदार्थ, मी एकही कप दिला नाही, ताईंना फोन करून पैसे परत केले आणि खूप रडले. त्यानंतर ऑर्डरच्या दिवशी थर्माकोलचा डबा आणि बर्फ आधी आणून ठेवते. त्याच ताई आता दर संक्रांतीला माझ्याकडूनच घेतात.

तासगावकर वहिनी

उपासाचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. कस्टर्ड पावडर म्हणजे मक्याचं पीठ, ते आमच्या उपासाला चालत नाही आणि बिस्किट तर नाहीच. मी राजगिऱ्याचा लाडू कुस्करून खाली घालते, वर चक्का साखर वेलची, मग केळं, मग आमचे तासगावचे बेदाणे. बेदाणे तासभर दुधात भिजवून घ्या, कोरडे घातले तर ते चक्क्यातली ओल ओढून घेतात आणि चक्का कोरडा होतो. राजगिरा वरच्या थराला वाढताना घाला, तो फार पटकन मऊ पडतो. एकादशीला आमच्या मामंजींना इतकं आवडलं की आता साबुदाण्याऐवजी हेच कर म्हणतात.

वाईची मावशी

आमच्या भाचीला दूध चालत नाही, वाढदिवसाला सगळे खायचे आणि ती बघत बसायची. मी नारळाचं दाट दूध काढून मक्याच्या पिठावर शिजवलं, जरा गूळ घातला, बिस्किटाऐवजी भाजलेला खोबऱ्याचा कीस. केळ्याला नारळ अगदी शोभतो. तिनं दोन कप खाल्ले, आणि पहिल्यांदा इतरांनी तिच्याकडे चव मागितली.

विश्रामबागची आई

सगळ्यांचं वाचून आज परत केले, सहाच. काकू, तुमचं ऐकून कस्टर्ड आणि चुरा आदल्या रात्री, केळी आज पाच वाजता. ताई, दुधाची पिशवी जमली, पहिल्या दोन कपांत हात थरथरला मग सरळ आले. केळ्यावर कस्टर्डचा थर कडेपर्यंत नेला, कुठे फट ठेवली नाही. साताऱ्याचे पेढे शेजाऱ्यांनी दिलेले होते ते दोन कपांत घातले, आमच्या ह्यांनी तेच दोन्ही संपवले. एक कप मुद्दाम रात्रभर झाकून ठेवलाय, सकाळी लेकीबरोबर उघडणार आहे, आतला रंग कसा राहिला ते सांगते.

गावभागातली काकू

सांग गं. आणि तो कप तिलाच दे.