मदत हवी आहे: ट्रॅकवर चौथ्या फेरीपासून गाडी दम सोडते. ऑक्टेन बूस्टर कोणता घालू?

उतावीळ_टर्बो
जाणकारांनी लवकर सांगा, शनिवारी ट्रॅक डे आहे. पहिल्या तीन फेऱ्या गाडी मस्त पळते, चौथीपासून ढेपाळते. स्कॅनरवर नॉक (इंधन सिलिंडरमध्ये भलत्या वेळी पेटून बसणारे दणके) दिसतोय. पेट्रोल ९५ ऑक्टेनचंच टाकतो (ऑक्टेन म्हणजे नॉक रोखायची ताकद). बूस्टरची कोणती बाटली घ्यावी आणि टाकीला किती घालावी, एवढंच हवंय. एक जण म्हणतो सरळ ई८५ (बहुतांश इथेनॉलचं इंधन) भर. भरू का?

नट_बोल्ट
टर्बो आहे हे आयडीवरून कळलं, बाकी काहीच नाही. इंजिन किती लिटरचं? पोर्ट इंजेक्शन की डायरेक्ट, म्हणजे इंधन थेट सिलिंडरमध्ये? मॅप (इंजिनच्या संगणकातली सेटिंग) कंपनीचा की बदललेला? ९५ म्हणजे आरओएन, की काही देशांत पंपावर आरओएन आणि एमओएन (ऑक्टेन मोजायच्या दोन रीती) यांची सरासरी लिहितात ती? दोन्हींत चार-पाचाचा फरक पडतो, सरासरीचा ९१ म्हणजे साधारण ९५-९६ आरओएन. आणि ‘नॉक दिसतोय’ म्हणजे नेमकं काय दिसतंय?

उतावीळ_टर्बो
२.० लिटर, डायरेक्ट इंजेक्शन, स्टेज १ (थोडा बदललेला) मॅप. आरओएन. टायमिंग (ठिणगीची वेळ) तीन-चार अंश मागे जातं, कधी सहा. बूस्टरचं सांगा ना.

धुराडं
बाटल्याबिटल्या सोडा. टोल्युईन (थिनरमधलं द्रावक) घ्या. आरओएन १२०च्या आसपास. ३६ लिटर ९५मध्ये ४ लिटर टोल्युईन घातलं की हिशेबाने साडेसत्त्याण्णव. बाटलीवाले हेच रंग घालून विकतात.

रसायनी_काका
सगळे नाही विकत. बाटलीवर काय लिहिलंय त्यापेक्षा आत काय आहे ते बघावं. ढोबळ मानाने तीन जाती.

पहिली मँगनीजवाली, म्हणजे एमएमटी. थोड्या मात्रेत काम करते, पण प्लगच्या पोर्सेलिनवर विटकरी-नारिंगी थर बसवते. थर जाड झाला की ठिणगी गॅपमधून न जाता त्या थरावरून पळते आणि गाडी वरच्या आरपीएमला मिसफायर मारते. ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटलिस्टवरही तोच थर बसतो. दुसरी फेरोसीनवाली. त्यात लोखंड, बाकी रड तीच. तिसरी ॲनिलिनच्या कुळातली, बहुधा एन-मिथाइल ॲनिलिन. धातूची राख नाही, ऑक्टेन चांगलं वाढवते, पण जास्त झाली तर चिकट गोंद साठतो, आणि कातडीतून अंगात जाते, म्हणून हातमोजे घालायचेच.

‘३० पॉइंट वाढ’ असं छापलेलं असतं त्यात एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा हिस्सा. ३० पॉइंट म्हणजे ३.०, आणि तेही मुळात कमी ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये. ९५मध्ये तेवढं धरू नका. दोन बाटल्या ओतून दुप्पट फायदाही होत नाही, दुप्पट घाण मात्र होते.

धुराडं
म्हणजे टोल्युईनच बरं, हेच म्हणालो ना मी.

रसायनी_काका
१० टक्क्यांपर्यंत चालेल. पुढे जाल तर टोल्युईन उकळतं ११०.६ अंशांवर, पेट्रोलमधला हलका भाग त्याच्या कितीतरी आधी उडतो. ३० टक्क्यांवर थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुर करतं. घनताही जास्त, लिटरला सुमारे ८६७ ग्रॅम, त्यामुळे इंधनाचा हिशेब थोडा सरकतो. मिसळायचं ते कॅनमध्ये, उघड्यावर. कॅन जमिनीवर ठेवून भरायचा, डिकीत ठेवून नाही. डिकीतल्या गालिच्यावर कॅनला अर्थिंग मिळत नाही, स्थिर वीज साठते, आणि ठिणगीने पेटेल एवढी टोल्युईनची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाच तयार होते.

जुना_कार्ब्युरेटर
डांबरगोळ्या कुणीच सुचवल्या नाहीत? चार गोळ्या टाकीत, काम फत्ते.

रसायनी_काका
अहो, नॅप्थलीनची गोळी पेट्रोलमध्ये विरघळते हे खरं, पण गारठ्यात पुन्हा स्फटिक होऊन फिल्टरमध्ये बसते. शिवाय हल्ली पुष्कळ गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात. त्यात क्लोरीन. जळल्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत तर नावही काढू नका.

जुना_कार्ब्युरेटर
पूर्वी सगळे टाकायचे. कुणाचं इंजिन फुटलं नाही.

मोजपट्टी
थांबा जरा. धागाकर्त्याला कुणी मूळ प्रश्नच विचारला नाहीये. पहिल्या तीन फेऱ्यांत त्याच पेट्रोलवर टायमिंग जागेवर आहे. पेट्रोलचं ऑक्टेन चौथ्या फेरीला कमी होत नाही. मग बदललं काय? एकतर उष्णता, नाहीतर टाकीतली पातळी. तेव्हा पुढचं द्या:

१. इंटरकूलरनंतरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करतो तो) हवेचं तापमान, फेरीगणिक.
२. रेल प्रेशर (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीतला दाब), मागितलेलं आणि मिळालेलं, दोन्ही.
३. टायमिंग सरळ रस्त्यावर मागे जातं की वळणातून बाहेर पडताना?
४. टाकी किती भरलेली असते?

उतावीळ_टर्बो
टाकी पाव. वजन कमी राहावं म्हणून. त्याचा बूस्टरशी काय संबंध? तापमान बघितलं नाही. बहुतेक उजव्या लांब वळणानंतर होतं.

नट_बोल्ट
हुश्श. ही माहिती पहिल्या पोस्टमध्ये हवी होती.

मोजपट्टी
संबंध हाच. लांब उजव्या वळणात पेट्रोल टाकीच्या डाव्या भिंतीवर चढतं. पाव टाकीत पंपाचं तोंड उघडं पडतं आणि तो हवा ओढतो. आधी खालचं प्रेशर पडतं, मग हाय प्रेशर पंपाला पुरवठा कमी पडतो आणि रेल प्रेशर कोसळतं. मिश्रण लीन (हवा जास्त, इंधन कमी), वर टर्बोचा पूर्ण बूस्ट (हवेचा दाब), नॉक ठरलेलाच. वेगळ्या लीन-नॉकचा शिक्का स्कॅनरवर नसतो, टायमिंग मागे गेलेलं तेवढं दिसतं. अशा वेळी बाटली ओतणं म्हणजे गळक्या छपराखाली रंग काढणं.

शनिवारी टाकी पाऊण ठेवा. पाव ते पाऊण म्हणजे ५० लिटरच्या टाकीत २५ लिटरचा फरक, साधारण १९ किलो. ट्रॅक डेला तेवढ्याने काही बिघडत नाही. लॉगमध्ये आरपीएम, बूस्ट, हवेचं तापमान, रेल प्रेशर दोन्ही, सिलिंडरवार टायमिंग आणि लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) एवढेच चॅनल घ्या. जास्त घेतले तर साधा ओबीडी ॲडॉप्टर सेकंदाला एखादीच नोंद देतो आणि वळणात क्षणभर पडलेलं प्रेशर सापडतच नाही.

मक्याचा_रस
हे सगळं करा, पण शेवटी ई८५च. इथेनॉलचं आरओएन १०८च्या वर, बाष्प होताना उष्णताही पेट्रोलच्या दुपटीहून जास्त खेचतं, सिलिंडर आतूनच गार. डायरेक्ट इंजेक्शनला तर वरदान.

नट_बोल्ट
आणि पंप कोण देणार? पेट्रोलचं हवा-इंधनाचं आदर्श मिश्रण वजनाने १४.७ला १, ई८५चं ९.८च्या आसपास. घनफळाने चाळीसेक टक्के जास्त इंधन लागतं. मूळ हाय प्रेशर पंप आणि स्टेज १ मॅपवर वरच्या आरपीएमला रेल प्रेशर टिकणारच नाही. म्हणजे याचा आत्ताचा रोग आणखी वाढवून देणार.

मक्याचा_रस
पूर्ण ई८५ कोण म्हणतंय? ई३० करा. ऑक्टेनची बरीचशी वाढ पहिल्या ३० टक्क्यांतच मिळते, पुढे आलेख चपटा होतो.

नट_बोल्ट
वर ‘शेवटी ई८५च’ असं लिहिलंय. असो. ई३०बद्दल सहमत, पण मॅप त्यासाठी केलेला असेल तरच. नाहीतर ईसीयू (इंजिनचा संगणक) फ्युएल ट्रिमने, म्हणजे आपोआप, आठ-नऊ टक्के इंधन वाढवून घेईल, टायमिंग मात्र जुन्याच तक्त्यावर राहील.

मक्याचा_रस
मिसळायचा हिशेब ज्यांना हवा त्यांच्यासाठी: हवा असलेला टक्का वजा आधीचा टक्का, भागिले ई८५चा खरा टक्का वजा आधीचा टक्का. पंपावरचं पेट्रोल आधीच ई१० असेल आणि ४० लिटर ई३० करायचं असेल तर २० भागिले ७५, म्हणजे १०.७ लिटर ई८५, बाकी साधं.

‘खरा टक्का’ मुद्दाम म्हणतोय. ई८५ नावाने मिळणाऱ्या इंधनात हिवाळ्यात इथेनॉल बरंच कमी असू शकतं, अमेरिकी मानक तर ५१ ते ८३ टक्के एवढी मुभा देतं. ७० टक्क्यांचं निघालं तर त्याच ई३०ला १३.३ लिटर लागतील. मोजायला १०० मिलीचा अरुंद मोजनळा घ्या. ५० मिली पाणी, ५० मिली इंधन, तोंड बंद करून हलवा, दाब सोडा, दहा मिनिटं उभा ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर तरंगतं. वरचा थर साडेसात मिली असेल तर ई८५, पंधरा असेल तर ई७०. खालचा थर वाचू नका, पाणी आणि इथेनॉल मिसळल्यावर एकूण घनफळ थोडं आक्रसतं.

रसायनी_काका
+१, मोजनळ्याची रीत पक्की आहे. कायमचं करायचं तर इथेनॉलचा टक्का मोजणारा फ्लेक्स-फ्युएल सेन्सर बसवा. ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० म्हणजे १००. आकडा १५०च्या वर, १७०-१८०ला गेला तर इंधनात पाणी किंवा घाण आहे असं समजा, इथेनॉल वाढलेलं नाही.

इथेनॉलचं इंधन टाकीत महिनोन् महिने ठेवू नका. ओलावा ओढतं, आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल-पाणी तळाशी बसतं. पंपाचं तोंडही तळाशीच असतं. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन उतरलेलं असतं ते वेगळंच. पाइप बदलायचे असतील तर आतून पीटीएफई (टेफ्लॉन), ओ-रिंग व्हायटन रबराच्या.

स्लो_लेन
टायरमध्ये नायट्रोजन भरा.

नट_बोल्ट
कुणी विचारलं?

धुराडं
अवांतर, पण टोल्युईनला नावं ठेवणाऱ्यांनी वाचावं: १९८८चं होंडाचं एफ१ टर्बो इंजिन ८४ टक्के टोल्युईन आणि १६ टक्के एन-हेप्टेनवर चालायचं. नियम १०२ आरओएनचा, आणि हे मिश्रण बरोबर तिथे बसायचं.

रसायनी_काका
खरंय. आणि ते नीट वाफेत जाईना म्हणून इंजेक्शनआधी गरम करावं लागायचं. तेवढी सोय धागाकर्त्याच्या गाडीत असेल तर त्यानेही घालावं.

मिथेनॉल_मास्तर
पाणी-मिथेनॉल इंजेक्शन कुणी बोललंच नाही. ५०:५० मिश्रण, थ्रॉटलच्या अलीकडे नोझल, बूस्ट चढल्यावर चालू. हवा गार होते, ऑक्टेनही वाढतं.

मोजपट्टी
चांगलं आहे, पण फेलसेफशिवाय नको. मॅप त्या फवाऱ्यावर अवलंबून ठेवला आणि बाटली रिकामी झाली किंवा नोझल तुंबलं, तर पुढच्याच सरळ रस्त्यावर पिस्टन जातो. फ्लो सेन्सर हवा, आणि प्रवाह पडला की ईसीयूने बूस्ट कापला पाहिजे. शिवाय शुद्ध मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, आणि अल्कोहोलच्या आगीवर साधा फोम विरून जातो, अल्कोहोल-रोधक फोम लागतो. आयोजकांना आधी विचारा, अनेक ठिकाणी परवानगी नसते.

उतावीळ_टर्बो
झाला ट्रॅक डे. पाऊण टाकी ठेवली. रेल प्रेशर आता पडत नाही, मागितलं १८० बार, कमीत कमी १७४. मोठे धक्केही गेले. पण चौथ्या फेरीपासून सगळे सिलिंडर तीन-चार अंश मागे आहेतच. हवेचं तापमान ३८वरून ७१ झालं. आता तरी बूस्टर?

मोजपट्टी
दोन रोग होते, त्यातला एक गेला. सहा अंशांचे झटके पुरवठ्याचे होते. आता उरलंय ते ७१ अंशांचं. सगळे सिलिंडर सारखेच मागे म्हणजे यात नॉक किती आणि तापमानाच्या तक्त्याने ईसीयूने आधीच कापलेलं किती, हे वेगळं करा. लॉगमध्ये नॉक रिटार्डचा स्वतंत्र चॅनल असतो. तो शून्य असेल आणि एकूण टायमिंगच कमी असेल, तर १०५ ऑक्टेनचं पेट्रोल भरलंत तरी एक अंश परत मिळणार नाही, कारण तो तक्ता ऑक्टेन बघत नाही, तापमान बघतो.

आधी फुकटचं करा. इंटरकूलर आणि बंपरमधल्या फटी फोमने बंद करा म्हणजे हवा बाजूने न निसटता जाळीतूनच जाईल. दोन फेऱ्या जोरात, एक सावकाश. पिटमध्ये आल्यावर बॉनेट उघडं. मग मोठा इंटरकूलर. प्लग एक पायरी थंड, गॅप ०.७ मिमी. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलटं, घेताना गल्लत होते. काढलेल्या प्लगच्या पोर्सेलिनवर भिंगाने बघा. मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चकचकीत कण दिसले तर नॉक खराखुरा आहे. मग मॅपमध्ये ०.१५ बार बूस्ट कमी करा किंवा ई२५-३०चा वेगळा मॅप करून घ्या. बाटलीचा नंबर त्यानंतर.

उतावीळ_टर्बो
नॉक रिटार्डचा चॅनल आहे. दुसऱ्या सिलिंडरला १.५, बाकी शून्य.

मोजपट्टी
म्हणजे बहुतेक सगळं तापमानाचं. दुसऱ्याचा प्लग काढून फोटो टाका. प्लग स्वच्छ असेल तर त्याचा इंजेक्टर तपासा. एकाच सिलिंडरला लीन असेल तर असंच दिसतं.

जुना_कार्ब्युरेटर
एक डांबरगोळी टाकून बघायला काय हरकत होती?

चौथा_गिअर
हेच सगळं १५० सीसी बाइकला लागू होतं का? कार्ब्युरेटर आहे, ई३० भरायचा विचार आहे.

नट_बोल्ट
नाही. कार्ब्युरेटरला ट्रिम नसतो, सरळ लीन होईल. जेट मोठं करावं लागेल, फ्लोटच्या रबरी सुईचं काय होतं ते आणखी वेगळं. नवा धागा काढा, आणि त्यात जेटचा नंबर लिहा.