मदत हवी आहे : मानसिक आरोग्य नर्सिंगमध्ये पुढचं शिक्षण

नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंग केलेली रजिस्टर्ड नर्स आहे, सहा वर्षं मेडिसिन वॉर्डला. विषप्राशन केलेले पेशंट आमच्याकडे येतात. पोट धुणं, विषाचा परिणाम उतरवणारं औषध अ‍ॅट्रोपिन, सगळं होतं, जीव वाचतो. पण शुद्धीवर आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, तेव्हा काय बोलावं हे मला धड शिकवलेलंच नाही. एक ताई परवा हात धरून म्हणाल्या, "कशाला वाचवलंत?" ते डोक्यातून जात नाही.

म्हणून सायकियाट्रिक नर्सिंगच करायचं ठरवलंय. दोन वर्षांचं एम.एस्सी. करावं, की बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणी एक वर्षाचा डिप्लोमा? मला नर्सिंग कॉलेजात शिकवायचं नाही, पेशंटजवळच राहायचंय. घरी चार वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे एक वर्ष की दोन, हा फरक मोठा आहे.

ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात काम केलेलं कुणी आहे का? डिप्लोमानंतर खरंच मानसोपचार वॉर्ड मिळतो, की पुन्हा जनरल ड्युटी? नोकरीतून अभ्यासरजा घेतलेल्यांनी अनुभव जरूर सांगा.