पाऊण लाखात स्टुडिओचे माइक: अहिराणी गाणी, भजन आणि रिक्षाची अनाउन्समेंट, तिन्ही भागेल असं काय घेऊ?

माडीवरचा_स्टुडिओ (चोपडा)

नमस्कार मंडळी. चोपड्यात घराच्या माडीवर छोटा स्टुडिओ टाकलाय. टाकलाय म्हणजे काय, दहा बाय बाराची स्लॅबची खोली, एक लॅपटॉप, माइक लॅपटॉपला जोडणारा दोन चॅनलचा इंटरफेस आणि दोन माइक, त्यातला एक संशयित. त्याचं पुढे सांगतो.

काम तीन तऱ्हेचं. सगळ्यात जास्त रिक्षावर फिरणाऱ्या अनाउन्समेंट. साड्यांचा सेल, क्लासचे प्रवेश, कुणाचा तरी भव्य सत्कार. घर त्याच्यावर चालतं, त्यामुळे हसू नका. दुसरी अहिराणी गाणी, लग्नसराईच्या आधीचे दोन महिने नुसती रांग लागते. तिसरी भजनी मंडळं, आणि कधीमधी सातपुड्याकडून खाली येणारे पावरीवाले (पावरी म्हणजे भोपळा-बांबूचं फुंकून वाजवायचं वाद्य). ह्या तिसऱ्यात पैसा नाही, पण मला स्टुडिओ काढावासा वाटला तो त्यांच्यामुळेच.

यंदा कापसाचे पैसे आले तेव्हा वडिलांनी ७५ हजार काढून दिले. सोबत अट: "आते देस, परत मांगू नको." म्हणजे यात जे काय बसेल ते बसेल, पुढची पाच वर्षं त्यावरच काढायची.

आत्ता जो कंडेन्सर (बारीक आवाज टिपणारा, वीज लागणारा माइक) आहे तो ऑनलाइन घेतलेला, स्वस्तातला. वाईट नाही, उलट जरा जास्तच चांगला ऐकतो. समोर पिठाची गिरणी आहे. परवा एका गायिकेचा हळवा अंतरा घेतला, ऐकून बघतो तर मागे ज्वारी दळली जातेय. खिडकी बंद, दार बंद, पंखा बंद, बाहेर ४३ अंश, बाई घामाघूम, आणि तरी गिरणी आहेच.

दुसरा माइक शुअर एसएम ५८. एका दुकानातून निम्म्या भावात मिळाला. दुकानदार म्हणाला, "जुना स्टॉक आहे." आवाज बोदा येतो, पोत्यातून बोलल्यासारखा. खरा की खोटा हे ओळखायचं कसं?

यूट्यूबवर बघून एक यादी केली होती, त्यात अकरा माइक झाले. बेरीज केली नाही, हिंमत झाली नाही. तर सांगा, पाऊण लाखात थोडं थोडं सगळं करता येईल असा संच कसा लावू?

फक्त_ऐकणारा

भाऊ, न्यूमन यू ८७ घ्या. एकच घ्या, पण तोच घ्या.

माडीवरचा_स्टुडिओ (चोपडा)

दादा, त्या पैशात माडीवर अजून एक माडी चढेल.

जुना_क्लॅरिनेटवाला (धुळे)

वीस वर्षं वराती वाजवल्या, आता गुडघे बोलतात म्हणून खोलीत बसून दुसऱ्यांचं रेकॉर्ड करतो. त्यामुळे जे सांगतोय ते हाताने केलेलं आहे, वाचलेलं कमी.

भो, पहिलं काम, ७५ मधले दहा हजार आत्ताच वेगळ्या पाकिटात घाल. स्टँड, केबल, पॉप फिल्टर (तोंडासमोर धरायची, फुंकर अडवणारी जाळी). यादी करताना सगळे हे विसरतात आणि शेवटी दोनशे रुपयांच्या स्टँडवर वीस हजाराचा माइक टांगतात. माझा पहिला कंडेन्सर असाच गेला. ढोलकीवाल्याने मांडी बदलली, गुडघा स्टँडला लागला, माइक फरशीवर. आवाज मात्र झकास रेकॉर्ड झाला होता, पडल्याचा. तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी असते.

आता माइक. तू अकरा नावांची यादी केलीस ती फाड. नावं गोळा करायची नसतात, ऐकायच्या तऱ्हा गोळा करायच्या असतात. एक तऱ्हा जवळून, जोराचं ऐकणारी. एक बारीकसारीक टिपणारी. आणि एक अशी की समोर जेवढं पसरलंय तेवढं पसरलेलंच ऐकवेल. तीन झाल्या, तुझी तिन्ही कामं त्यात येतात.

जोराचं ऐकायला शुअरचाच एसएम ५७ घे. १९६५ सालचं मॉडेल आहे, अजून विकतात, यातच सगळं आलं. ढोलकी, हलगी, क्लॅरिनेट, गिटारचा ॲम्प, काहीही समोर धर, तक्रार नाही. आणि खरा एसएम ५८ एक. तोही जवळपास त्याच घराण्यातला, १९६६ चा, फक्त तोंडावर जाळीचा गोळा आहे म्हणून गायला, बोलायला सोयीचा. तुझी रिक्षावाली अनाउन्समेंट त्याच्यावर घे, तोंडापासून तीन-चार बोटांवर. एका बाजूने ऐकणाऱ्या माइकच्या जवळ गेलं की आवाजाचा खर्ज फुगतो, भारदस्त वाटतो. साड्यांच्या सेलला तेच पाहिजे. शेवटी ते भोंग्यातूनच वाजणार आहे, तिथे कंडेन्सरची नजाकत कुणाच्या बापाला कळते?

हे दोन्ही मिळून वीस हजारांच्या आसपास जातील, भाव दुकानात विचार. दुकान अधिकृत बघ, बिल घे.

तुझ्या ५८ चं सांगतो. खऱ्याचं वजन २९८ ग्रॅम आहे, केबल न लावता. घरच्या काट्यावर जाऊ नको, गल्लीत सोनार असेलच की. बाजारात नकली ५८ इतके आहेत की निम्म्या भावातला बघितला तर मी आवाज ऐकायच्या आधीच हात जोडतो.

बारीक टिपायला मोठ्या पडद्याचा (पडदा म्हणजे आतली आवाजाने थरथरणारी पातळ चकती) एक कंडेन्सर, रोडचा एनटी १ बघ. त्याचा स्वतःचा खरखराट ४ डेसिबल सांगतात, आणि ते खरंही आहे. पण त्या ४ डेसिबलचं तुला काय कौतुक, गिरणी चालू असताना? म्हणून मी तर म्हणेन, जुना कंडेन्सर बरा असेल तर हा शेवटी घे. आधी खोली बघ. खान्देशात राहून कापसाला काय तोटा? पिंजून भरलेल्या चार जुन्या गाद्या गायकाच्या मागे आणि बाजूंना उभ्या कर, भिंतीपासून वीतभर लांब, चिकटवून नाही. मागच्या पोकळीमुळे खालचे सूरही थोडे शोषले जातात. गिरणी याने थांबणार नाही हं. गादी खोलीतला घुमारा खाते, बाहेरचा आवाज नाही. गिरणीवाल्याशी मैत्री कर, किंवा पहाटे पाचला रेकॉर्ड कर.

आणि पसरलेलं ऐकायला छोट्या पडद्याच्या कंडेन्सरची जुळवलेली जोडी. रोडची एम ५ ची जोडी मिळते, तुझ्या बजेटात बसावी. लोक म्हणतील, दोन सारखे कशाला, दोन वेगळे घे, रंगत येईल. ऐकू नको. भजनी मंडळ समोर गोलात बसलं, पेटी एका अंगाला, मृदंग एका अंगाला, की दोन सारखेच कान लागतात. १७ सेंटीमीटर अंतर, दोघांमध्ये ११० अंशांचा कोन, फ्रेंच रेडिओवाल्यांनी बसवलेली पद्धत आहे. मोजपट्टी आणि शाळेचा कोनमापक घेऊन एकदा पुठ्ठ्यावर आखून ठेव, दर वेळी डोकं नको. पावरीलाही हीच जोडी. पावरीच्या तोंडाशीच माइक लावला तर निम्मी पावरी आत येत नाही, भोपळा, बांबूची भोकं, सगळीकडून बोलते ती. तीन-चार फूट मागे सर.

ढोलासाठीचा खास माइक, रिबन माइक, हे सध्या नको. रिबन पितळी वाद्यांना फार गोड लागतो, माझं स्वतःचं स्वप्न आहे ते. पण आतली पट्टी इतकी नाजूक की ती खराब व्हायला जोराची फुंकर पुरते.

मोजूनमापून (जळगाव)

क्लॅरिनेटवाल्या दादांचं बरंचसं पटलं. एक गोष्ट जोडते, कारण प्रश्नातही तोच गैरसमज दिसतो. "कंडेन्सर खोली ऐकतो, डायनॅमिक (म्हणजे ५७-५८ सारखा) ऐकत नाही" हे अर्धंच खरं आहे. दोघंही एका बाजूने ऐकणारे असतील आणि दोघांनाही तोंडापासून सारख्याच अंतरावर ठेवून आवाज सारखा केला, तर गिरणी जवळपास तेवढीच येते. फरक पडतो तो अंतराचा. ५८ आपण ओठांना लावतो, कंडेन्सर हातभर लांब ठेवतो, आणि मग श्रेय माइकला देतो. ती गायिका कंडेन्सरपासून किती लांब उभी होती?

शिवाय एसएम ५७ आणि ५८ चा आवाज मुळात दबका. हळू गाणाऱ्या बाईसाठी इंटरफेसचा गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण) जवळजवळ शेवटपर्यंत न्यावा लागेल आणि मग इंटरफेसची स्वतःची सळसळ वर येते. स्वस्त इंटरफेसवर हे चटकन जाणवतं. म्हणून हळव्या अंतऱ्याला कंडेन्सरच, पण वीतभरावर, पॉप फिल्टर लावून.

ढोलकीला दोन्ही बाजूंनी माइक लावणार असाल तर एकाची पोलॅरिटी, म्हणजे आवाजाच्या लहरीची वर-खाली दिशा, उलटी करून ऐका. ज्या स्थितीत खर्ज भरतो ती बरोबर, जिथे ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी होते ती चूक. यात शास्त्र आहे, पण कान पुरतो.

कंडेन्सरला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण अनेक छोट्या इंटरफेसला दोन्ही चॅनलसाठी एकच असतं. घाबरू नका, चांगल्या केबलने जोडलेल्या ५७-५८ ला त्याने काही होत नाही. केबल काढताना-घालताना मात्र बटण बंद ठेवा, स्पीकरचा कानठळ्या बसवणारा फट् आवाज वाचतो.

आणि घूंऽऽ असा सतत आवाज येत असेल तर माइक बदलण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला, तर माइकचा दोष नाही, बहुतेक घराच्या अर्थिंगचा आहे. वायरमनला बोलवा, दोन-तीन हजारांत काम होतं आणि तेवढ्यात कुठला माइक येत नाही.

माडीवरचा_स्टुडिओ (चोपडा)

ताई, हातभर. सव्वा हातभर म्हणा. घूंऽऽ पण आहे. चार्जर काढला, गेला. दोन वर्षं मी माइकला शिव्या देतोय.

लसूण_सोलणारी (शहादा)

मी गाणी विकत नाही, नुसती जमवते. कानबाईची, आखाजीची झोक्यावरची, घरातल्या बायका म्हणतात ती. त्यामुळे माझा सल्ला एवढ्याच कोपऱ्यातला.

पहिल्यांदा माझ्या मामीला रेकॉर्ड करायला बसले तेव्हा उसना आणलेला मोठा कंडेन्सर होता, स्टँड होता, तिच्या कानावर हेडफोन चढवला होता. श्रावणातली कानबाईची सगळी गाणी तिला पाठ. दोन ओळी म्हणाली आणि थांबली. म्हणे, "आसं उभं राहीसन गानं म्हनतस का?" मग बसवली, तरी नाही. हातात काम नसलं की तिला गाणंच आठवत नव्हतं. सूप दिलं तर पाखडण्याचा आवाज. भाकरी थापायला बसवलं तर थाप. शेवटी आवाज न करणारं काम म्हणून लसूण दिला सोलायला, आणि पदराला बारीक क्लिपचा माइक लावला, सगळ्या बाजूंनी सारखं ऐकणारा. ती मान वळवते, सुनेला हाक मारते, परत कडव्यावर येते, आवाज तोच राहतो. एका बाजूने ऐकणारा माइक असता तर मान वळली की गाणं गेलं असतं. दोन किलो लसूण झाला, अकरा गाणी आली. बांगड्या मात्र आधी काढून ठेवायला सांगा, काचेची किणकिण नंतर कशानेच निघत नाही.

तर तुमच्या संचात तसा एक क्लिपचा माइक बसवा. तारवाला, साधा. वायरलेसच्या नादी लागू नका. भजनी मंडळातले म्हातारे बुवाही माइक बघून असेच ताठ होतात.

पावसाळ्यात कंडेन्सर डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून. इकडे उन्हाळा कोरडा म्हणून आपण गाफील राहतो आणि जुलैत अचानक माइक तडतडायला लागतो.

जुना_क्लॅरिनेटवाला (धुळे)

लसणाचं माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. क्लिपवाला यादीत घे रे भो. आणि जळगावच्या ताईंचं अंतराचं बरोबर आहे, मी शब्द मागे घेतो, गाद्या मागे घेत नाही.

माडीवरचा_स्टुडिओ (चोपडा)

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: एक ५७, एक खरा ५८, एम ५ ची जोडी, तारवाला क्लिपचा माइक, दोन जड स्टँड, चांगल्या केबल, आणि अर्थिंग. वायरमन उद्या येतोय. मोठा कंडेन्सर सध्या आहे तोच, वीतभरावर. काल तसा घेऊन बघितला, गिरणी पुष्कळ मागे गेली, म्हणजे आता दूरच्या गावात दळतात. उरलेले पैसे वडिलांना न सांगता पेटीत ठेवतोय. क्लॅरिनेटवाले काका, रिबनचं स्वप्न आता मलाही पडायला लागलंय.

गाद्या आईने दिल्या नाहीत. गोधड्या दिल्या, त्याही मोजून.

आणि ५८ घेऊन आमच्या गल्लीतल्या सोनाराकडे गेलो. त्याने काट्यावर ठेवला, चष्मा वर केला, २४६ ग्रॅम म्हणाला. मग माझं तोंड बघून विचारतो, "घट किती धरू?"